गाठ आहे, ताप नाही

९ फेब्रुवारी १९००, शुक्रवार

कामावर लागून आज पंधरा दिवस झाले, म्हणून ही वही उघडली. हे होते तेव्हा अक्षर बसावं म्हणून माझ्याकडून रोज अर्धं पान लिहून घ्यायचे. ते गेल्यावर सहा वर्षांत चार ओळी लिहिल्या नाहीत. आता नाक्यावरच्या सरकारी वहीत दिवसभर इतकं लिहिते, की घरी आल्यावरही हात थांबत नाही.

काम असं. स्टेशनापलीकडच्या प्लेगनाक्यावर शहरात शिरणाऱ्यांची तपासणी होते. पुरुषांना बघतात मीरासाबचाचा. त्यांचा जन्म देवी टोचण्यात गेला. बायकांना बघते मी, गोणपाटाच्या पडद्याआड. दोन बोटं काखेत, दोन बोटं जांघेत. गाठ लागली की छावणी, नाही लागली की दहा दिवसांचा दाखला. माझ्याआधी हे कामही पुरुषच करायचा, म्हणून बायका शेतातून पळून जायच्या. मी इस्पितळात सुइणीचं काम वर्षभर शिकलेली, म्हणून मला बोलावलं. गल्लीतले नावं ठेवतात, विधवा बाई नाक्यावर उभी राहते म्हणून. ठेवोत. त्यांच्या बायका अडल्या की माझंच दार ठोठावतात.

घरंदाज बायकांना घरी जाऊन बघायचं असा हुकूम आहे. ज्यांना घर नाही त्यांना दर दहा दिवसांनी नाक्यावर आणतात. दुष्काळानं उठून आलेल्या या बायका पेठेत गाड्यांखाली निजतात. अंगाला हात लावला की लाकडासारख्या ताठ होतात, काही विचारलं की तोंडात गुळणी धरतात. मला त्यांची चीड येते. रोग लपवून गाव मारायचं, हा कुठला न्याय?

१३ फेब्रुवारी, मंगळवार

नाक्यावरच्या पोलिसांचा हंबीरराव जमादार हा माणूस सोन्यासारखा. पेठेतून बायका गोळा करून तोच आणतो. आज हळूच म्हणाला, "बाई, ती तिसरी हाय न्हवं, तिला जरा नीट बघा." बघितलं, तर गाठ होती. परवाही असंच झालं. आतापर्यंत चार वेळा त्यानं सांगितलं आणि चारही वेळा गाठ निघाली. अशी नजर डॉक्टरलासुद्धा नाही.

त्याची बायको पोटुशी आहे, बाळंतपण मीच करणार. आधीची दोन मेलेलीच जन्मली, अंगाची साल सोललेली. अंगात उष्णता फार, म्हणून तिला सब्जा भिजवून प्यायला सांगितलंय. एवढ्या भल्या माणसाच्या नशिबी हे का यावं?

२२ फेब्रुवारी, गुरुवार

छावणीतून बायका परत येऊ लागल्या. मी पाठवलेल्या नऊच्या नऊ जिवंत! त्याच दिवसांत पाठवलेल्या चौदा पुरुषांपैकी अकरा गेले. डॉक्टर गणपतराव स्वतः नाक्यावर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चिमणाबाई, तुम्ही रोग वेळेवर धरता, त्याचा हा गुण. हे आकडे मी वर कळवलेत." शाबासकीची चिठ्ठीही दिली. घरी येऊन ती मी तीनदा वाचली. लाज कशाला वाटायची?

परत आलेल्या बायकांपैकी एकीनंही नमस्कार केला नाही. एक तर माझ्याकडे बघून थुंकली. मरणाच्या दारातून ओढून आणावं आणि वर ही कृतघ्नता.

२ मार्च, शुक्रवार

आज एका म्हातारीनं माझं डोकं फिरवलं. धोंडुबाई नाव, जतकडची. गाड्यांखालचं सांडलेलं धान्य वेचून खाते. तिच्या पुढच्या बाईला मी छावणी लिहिली, तर ही मधेच तोंड घालून म्हणते, "ताप न्हाय, खोकला न्हाय, आन गाठ कसली गं बाई? तू शिकल्याली हाईस न्हवं?"

म्हटलं, गप्प बस, नाहीतर तुलाही गाडीत घालीन.

तर बोळक्या तोंडानं हसली. "मला कोन नेतंय? म्हातारीला गाठ येत न्हाय."

अडाणीपणा तो हाच. प्लेग काय वय विचारून येतो? रांगेत सगळ्यांदेखत मी तिला चांगली फैलावर घेतली. हंबीररावानंही हाताला धरून तिला बाजूला केलं.

६ मार्च, मंगळवार

मदिनाला आज दुसऱ्यांदा पाठवलं.

ती अथणीकडच्या विणकराची बायको. बावीस-तेवीसची असेल. नवरा वाटेतच मेला. मागच्या महिन्यात गाठीसाठी छावणीत गेली आणि बरी होऊन आली. आज पुन्हा गाठ. महिन्यात दोनदा प्लेग मी तरी ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, रोग उलटतो कधीकधी.

मी लिहायला लागले तशी तिनं माझा हात धरला. "अक्का, तिकडं नक्को. हितंच मारून टाका मला."

मला वाटलं, छावणीत शिरताना कपडे जाळतात त्याला भीत असेल. म्हटलं, वेडी का तू, तिथं दोन वेळ पेज मिळते, डोक्यावर छप्पर आहे. तिनं हात सोडेचना. शेवटी हंबीररावानं तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला स्वतः गाडीत बसवून घेऊन गेला. माझ्या मनगटावर तिच्या नखांचे चार वळ उठलेत.

एक गोष्ट लिहून ठेवते. तिचं कपाळ थंड होतं. ताप बघायची काचेची नळी फक्त डॉक्टरांकडे असते, पण सुइणीच्या तळहाताला एवढं तरी कळतं. थंडच होतं. तरी मी छावणी लिहिली, कारण गाठ होती आणि गाठ असली की छावणी, असंच मला सांगितलेलं आहे.

८ मार्च, गुरुवार

दोन दिवस ते थंड कपाळ डोक्यातून जात नाही.

इस्पितळात शिकत असताना टोकाला एक खोली होती. बाजारातल्या बायका तिथं ठेवत. त्यांनाही जांघेत गाठ असायची आणि ताप नसायचा. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, ही बद, गरमीच्या रोगातली, अंगसंगानं लागणारी. याच बोटांनी मी ती तेव्हा चाचपली होती. मग विसरले कशी? नाक्यावर उभं केलं आणि सांगितलं की हाताला लागेल ती गाठ प्लेगची. मी आपली साप साप म्हणून भुई धोपटत बसले.

मदिनाच्या गाठीशेजारी चट्टा होता. तोही दिसला होता मला.

पण इतक्या जणींना गरमी झाली कुठून? पोटासाठी बायका काय वाटेल ते करतात म्हणायचं. भूक मोठी हे मला मान्य आहे, पण निदान मला सांगायचं तरी. उद्या-परवा पेठेत जाऊन त्या म्हातारीलाच फैलावर घेते. दुसऱ्याला अक्कल शिकवते, आणि आपल्या लेकीसुनांच्या वयाच्या पोरींना चार शब्द सांगायला हिला काय झालं होतं?

११ मार्च, रविवार

लिहायला नको वाटतं. तरी सगळं लिहिणार.

सकाळी पेठेत गेले. धोंडुबाई गाडीखाली बसून पदरात ज्वारीचे दाणे वेचत होती. मी उभ्यानंच सुरुवात केली, की तुम्ही बायका अंग विकता आणि वर माझ्यापासून रोग लपवता.

तिनं दाणे वेचायचं थांबवलं नाही. म्हणाली, "इकत्यात म्हनं! इकत घ्यायला कोन येतंय गं, फुकाट मिळतंय तर?"

मी वाकून गाडीखाली तिच्याशेजारी बसले.

मग तिनं सांगितलं. आवाज न चढवता, जत्रेची हकिकत सांगावी तसं. "तुझा दाखला लिवतीस तू, पर देतो कोन? जमादार. दहा दीस झालं की यितो. दाखला पायजे का म्हनतो. न्हाय म्हनली तर बिनदाखल्याची म्हून काठीनं हाकलतो, येशीभाईर. मग ल्हानग्यांस्नी घिऊन कुठं जायाचं? व्हय म्हनली की गुळाच्या अड्ड्यामागं. आट-पंधरा दिसांत गाठ यिती. मग तुझ्याकडं आनतो. तू छावनी लिवतीस. छावनीत पहारा त्येच्याच मानसांचा. दाराला भाईरनं कडी हाय, आतनं न्हाय."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगिटलं की. ताप न्हाय म्हनलं हुतं, भर रांगंत. तू गाडीत घालीन म्हनलीस."

त्याच्या नजरेचं कौतुक याच वहीत लिहिलंय मी. त्याची कसली आलीय नजर! गाठ कोणाला आहे हे त्याला ठाऊक असणारच, ती त्यानंच तर दिली होती. आणि त्याच्या बायकोची ती दोन सोललेली मुलं! सब्जा पी म्हणून सांगितलं मी तिला. सुईण म्हणवते स्वतःला. गावात रोग येऊ नये म्हणून गाडीखालच्या बायकांना दहा-दहा दिवसांनी उघड्या करते, आणि रोग खाकी डगला घालून माझ्या शेजारी उभा असतो, संध्याकाळी बायकोच्या अंथरुणात जातो. त्याला कोणी हात लावत नाही. कुंपणच शेत खातं आणि मी त्याला शेताची वाट दाखवते.

तेवीस बायका. मी तेवीस वेळा छावणी लिहिली.

मदिना अजून तिथं आहे.

१२ मार्च, सोमवार

डॉक्टरांकडे गेले. ओरडायचं नाही असं ठरवून गेले आणि पहिल्याच वाक्याला ओरडले.

ते म्हणाले, "बसा, चिमणाबाई. मग काय लिहू मी? गरमी? गरमी लिहिलं की बाजारबसव्या म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी हद्दपार करतील. प्लेग लिहिलाय म्हणून पेज तरी मिळते."

म्हणजे यांना ठाऊक होतं!

"आणि दुसरं ऐका. छावणीतून माणसं जिवंत परत येतात, हे कळल्यापासून लोक घरातला रोगी माळ्यावर लपवत नाहीत. आपणहून आणतात. त्यातून दहा घरं वाचतात. तुम्हाला तेवीस दिसतात, मला शहर दिसतं."

त्यात खोटं काही नव्हतं, हे कबूल करते. माणूस मूर्ख असता तर बरं झालं असतं.

मग म्हटलं, बरं, रोग कोणता ते राहू द्या. तो त्यांना दिला कोणी?

"तो पोलिसांचा विषय."

"पोलिसानंच दिलाय, साहेब."

त्यांनी टाक उचलला आणि लिहायला लागले. मी पुढ्यात उभी असताना. मग म्हटलं, निदान मदिनाला तरी सोडा, एका चिठ्ठीचं काम आहे. तर म्हणाले, एकीला सोडलं की बाकीच्यांचं निदानही चुकलं असं होतं. त्यांच्या दारावर थुंकून यावं असं वाटलं. आले नाही. शिकल्यासवरल्याचा हा तोटा.

१४ मार्च, बुधवार

कळंब्याच्या बाजूच्या माळावर छावणी आहे. चालत गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आत सोडणार नाही म्हणाले. मी आजवर एवढ्या जणींना इथं धाडलं आणि जागा आज पहिल्यांदा बघितली. लांब एकच छप्पर. एका बाजूला खऱ्या प्लेगचे रोगी कण्हत पडलेले, दुसऱ्या बाजूला या बायका, मधे एक तट्ट्या. त्या तट्ट्याखालून उंदीर पळताना मला कुंपणाबाहेरून दिसला.

मदिना, मदिना म्हणून मी बाहेरूनच हाका मारल्या. पहारेकरी हसला. "पावनी कोन म्हनायची तुमची?"

कोणी नाही, म्हणाले मी. मीच पाठवलंय तिला.

१६ मार्च, शुक्रवार. शिमगा

काल मीरासाबचाचांकडून नियमांचा छापील कागद वाचायला घेतला. मला वाचता येतं याचा एवढा उपयोग आजवर केला नव्हता. पाचवं कलम: छावणीतून येणाऱ्या कोणाही इसमास तपासणीवाचून शहरात सोडू नये. कोणाही. जमादार सोडून, असं तिथं लिहिलेलं नाही.

आज दुपारी हंबीरराव छावणीहून आला. सण म्हणून पोळी खायला घरी निघालेला. नाक्यावर चाळीसेक माणसांची रांग होती. मी त्याच्या गाडीपुढे उभी राहिले.

"जमादार, उतरा. तपासणी."

त्याला थट्टा वाटली. "बाई, शिमगा करताय व्हय माझ्यासंगं?"

मी कलम मोठ्यांदा वाचलं. रांगेतली माणसं जवळ सरकली. कोणीतरी म्हणालं, "आमाला येक आन तुमाला येक व्हय, जमादार?" त्याचा चेहरा उतरला. मीरासाबचाचा माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, सोडा, बाल-बच्चेवाला मी, हा मानूस वाईट हाय." मी वाटेतून हलले नाही. रांगेत धोंडुबाई होती, मदिनाबरोबर फिरणाऱ्या आणखी दोघी होत्या. चाचांनी त्यांच्याकडे बघितलं, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "चला जमादार. माझी बी नोकरीच हाय."

पडद्यामागे फार वेळ लागला नाही. चाचा बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "हाय. दोनी अंगाला."

मी सरकारी वही उघडली. जांघेत गाठ, छावणी. गाडी वळवा म्हटलं. मग मात्र तो पिसाळला. डॉक्टरला बोलवा, कोण ही बाई, हिला बघतो. पोरगं पाठवून डॉक्टरांना आणलं. मलाही तेच हवं होतं.

गणपतराव आले. जमादाराच्या जिभेखाली काचेची नळी ठेवली, काढून उजेडात धरली. "ताप नाही," म्हणाले. "ही प्लेगची गाठ नव्हे, चिमणाबाई, साधी बद आहे. सोडा यांना."

सुपारी कातरायला लागतो तेवढा वेळ. तेवीस बायकांच्या वेळी ज्या माणसाला कळलं नाही, त्याला एका जमादाराच्या वेळी तेवढ्यात कळलं. आणि साधी! मला हसू फुटलं. रांगेत धोंडुबाईही हसली, आणि मग दोघी-तिघी हसल्या. हसणं इतकं वाईट ऐकू येतं हे मला आज कळलं.

डॉक्टरांना आपण काय बोलून गेलो ते तेव्हा उमगलं. पण चाळीस माणसांनी ऐकलं होतं.

"लिहून द्या, साहेब," मी म्हटलं. "नाहीतर नियमानं गाडी छावणीकडे वळवावी लागेल."

जमादार त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी लिहून दिलं. ताप नसता केवळ जांघेत गाठ असणे हा प्लेग नव्हे. अशा इसमास अडकवून ठेवण्याचे कारण नाही. खाली सही, तारीख.

जमादार पोळी खायला घरी गेला. त्याला जाताना बघावं लागलं मला. एवढंच माझ्या हातात होतं आणि ते फार थोडं होतं. पण कागद माझ्याकडे आहे. सूर्य कलला होता. कागद मिळताच निघाले असते तरी अंधारात छावणीचं दार उघडत नाहीत, असं चाचा म्हणाले. उजाडताच निघायचं.

१७ मार्च, शनिवार

चाचा, धोंडुबाई आणि मी. छावणीचा कारकून तरुण होता. सही ओळखली, तरी तो कागद उलटसुलट करत बसला. मी म्हटलं, वाचा मोठ्यानं. 'अशा इसमास' म्हणजे बाईसुद्धा इसमच. त्यानं उठून कडी काढली.

ताप नसताना धाडलेल्या सहा जणी आत होत्या. पाच चालत बाहेर आल्या. कोणी माझ्याकडे बघितलं नाही आणि मी त्यांना कृतघ्न म्हणणार नाही.

मदिना तट्ट्याला लागून पडली होती. कपाळाला हात लावला, तो भाजला. काखेत लिंबाएवढी गाठ. ही बद नव्हे. पलीकडच्या बाजूचा माणूस चार दिवसांपूर्वी गेला म्हणे, त्याची घोंगडी अजून तिथंच होती. मी तिला हाक मारली. तिनं डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही. ओळखलं असतं तर काय म्हणाली असती, हे मला ऐकायचंही नव्हतं आणि ऐकायला हवंही होतं. दुपारी बारा वाजायच्या आत गेली. चाचांनी आणि आणखी दोघांनी माळाच्या कडेला तिला माती दिली. धोंडुबाईनं वर दगड रचले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

मग कारकुनानं वही उघडली. रोग?

प्लेग, मी म्हटलं.

"तो आधीच लिहिलाय की, बाई. सहा तारखेला."

"तेव्हा खोटा होता. आता तुम्ही खरा करून दाखवलात."

त्यानं टाक बुडवला. पुढचा रकाना होता, लागण कोठून झाली. तो सवयीनं अथणी लिहायला लागला. मी टाक त्याच्या हातातून ओढून घेतला. त्यानं वही धरून ठेवली, मी वहीसकट त्याला ओढला. लिहिलं: हिला ताप नसता चिमणाबाई, नाक्यावरील तपासणीस, हिने पाठवले. हंबीरराव जमादार याने बिघडवले व आणून कोंडले. डॉक्टर गणपतराव यांनी जाणूनबुजून ठेवून घेतले.

"बाई, रकान्यात मावत नाही इतकं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मावत नाही तर नाही. मी पुढच्या रकान्यात लिहीत गेले. तो 'बरी झाली' लिहायला रिकामा सोडलेला होता.